लौकिकापलीकडे

ऐरोली, सेक्टर आठ, चौथा मजला.
अकरावी ब, जेवणानंतरचा तास.
फळ्यावर मी लिहिलं : जे लौकिकापलीकडे आहे ते.
वर्ग फुटला.
शेवटच्या बाकावर लौकिक मढवी बसतो.
त्याच्यापलीकडे फक्त खिडकी,
खिडकीपलीकडे तिवरं आणि खाडी.

मीही हसले. मग तक्ते वाटले.
डावीकडे दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतले उतारे,
उजवीकडे चौकटी :
निसर्ग. एकांत. आतला आवाज. गर्दीला नकार.
कल्पना ओळखा, खूण करा.
वीस मिनिटं, पाच गुण.

"मिस, झाड आलं की निसर्गच ना?"
"माणूस एकटा आहे पण त्याला कंटाळा आलाय,
तर एकांत धरायचा?"
"दोन चौकटींत टिक केली तर अर्धा तरी द्याल?"
मी उत्तरं दिली.
उत्तरं देण्याचाच पगार घेते मी.

रात्री तपासायला बसले.
'स्वतःच्या मनाचं ऐकावं, दुसऱ्याचं उसनं घेऊ नये'
हे वाक्य अकरा जणांकडे निघालं,
त्याच एका स्पेलिंगच्या चुकीसकट.

मढवीचा तक्ता कोरा.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं :

मिस, माझे आजोबा दिवा कोळीवाड्यातून होडी काढतात.
भरती-ओहोटीच्या वेळा मी त्यांना मोबाइलवर दाखवतो,
ते बघत नाहीत.
पाण्यात हात घालून बसतात.
किती वेळ ते ठरलेलं नसतं.
काय कळतं विचारलं तर म्हणाले, गप ऱ्हा.
हे कुठल्या चौकटीत?
मला आधी चारही वाटल्या,
मग एकही नाही.

कोऱ्या तक्त्याला शून्य,
हा नियम जूनमध्ये मीच छापून दिलाय.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिचं ते ट्यँव ट्यँव बराच वेळ चाललं.

त्याचे गुण अजून भरलेले नाहीत.
त्याऐवजी सहलीचा अर्ज काढून बसलेय.
स्थळ : दिवा जेट्टी. विद्यार्थी : बेचाळीस.
सोबत : एक शिक्षिका, एक शिपाई.
शैक्षणिक उद्दिष्ट, एका ओळीत :
'गप राहणे' असं लिहिलं.
मग खोडलं. मुख्याध्यापिका विचारतील.
पुन्हा लिहिलं, जरा बारीक अक्षरात.

आणि शनिवारी ओहोटी किती वाजता,
ते बघायला
मोबाइल उचलला.