चार्ज यादी

बोरकुटे सर, घ्या मोजून.
टेबल एक. खुर्च्या दोन, त्यातली एक भिंतीला टेकवूनच बसायची.
डेडस्टॉक रजिस्टर, पान अकरा: पृथ्वीगोल,
आसातून निखळलेला, हातात धरून फिरवावा लागतो.
पोट्ट्यांना तसाच आवडतो.

पट अठरा. वीसच्या आत आहोत,
कागद कधीही येईल.
ज्याला रकाना नाही तेवढं तोंडी सांगते.

मोह पडायला लागला की रुमा उईके
पहाटे टोपली घेऊन रानात.
गैरहजेरी लावू नका लगेच,
वजनमापाचा धडा तेव्हासाठी राखून ठेवा.
पायलीचा हिशेब तिचा माझ्याहून पक्का.

सुकरू पहिलीत. घरी गोंडी.
‘पाणी’च्या आधी एकदा ‘येर’ म्हणा,
मग बघा, मान कशी वर येते.

हापशीचं वायसर गेलं तर पंचायतीत अर्ज करा,
आणि अर्जाची वाट न पाहता दिनकर कुमरेला फोन.
इथूनच चौथी झालेला. पैसे घेत नाही,
जाताना फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहून जातो.
पुसू नका दोन दिवस.

फुलकनबाई, समितीच्या अध्यक्ष,
मागच्या वर्षापर्यंत अंगठा लावायच्या.
आता सही करतात. वेळ लागतो.
सभा त्या हिशेबानं ठेवा.

किल्ल्या दोन. एक ही.
दुसरी मैनाबाईकडे, खिचडी रांधते ती.
पाच गुरुजी आले गेले,
शाळा उघडायला ती कधी चुकली नाही.

इथं सही करा.
‘सर्व वस्तू मिळाल्या’ हे मात्र
आज नका लिहू.
पुढचा मोह पडू द्या.