निबंधातली दुरुस्ती

चौथीत असताना 'माझा वीर' या विषयावर
मी दीड पान लिहिलं.
घोड्यावरचा राजा, उपसलेली तलवार,
घोड्याचा एक पाय अधांतरी.
दहापैकी दहा मिळाले.
आईने ते पान फ्रीजच्या दाराला चिकटवलं.
तिबिलिसीत तेव्हा दिवसातून चार तास वीज;
फ्रीजमध्ये आम्ही कांदे ठेवायचो.

सोळा मजल्यांची आमची इमारत,
आणि लिफ्टला पैसे पडायचे.
पेटीत पाच तेत्रीचं नाणं टाकलं
की ती खाकरायची, विचार करायची, मग वर निघायची.
खाली, टपालपेट्यांशेजारी, काचेच्या खोपटात
नानुली मावशी बसलेली:
पायाशी रॉकेलची शेगडी,
मांडीवर सूर्यफुलाच्या बिया,
गुडघे सुजून पावाएवढे.
आम्ही नाण्याला दोरा बांधून ते पेटीत सोडायचो
आणि लिफ्ट हलली की परत ओढायचो.
ती कान पिळायची, तोही डावाच.
ती कशी येणार निबंधात?

जानेवारी होता. काखेत गरम पाव घेऊन
मी एकटाच वर निघालेलो,
आठव्या-नवव्याच्या मधे वीज गेली.
तो अंधार मी कुणाला सांगत बसत नाही.
ओरडलो. मग ओरडणंही संपलं.

मग फार खालून चपला.
एक पायरी. धाप.
एक पायरी. कठड्यावर हाताची थाप.
असं किती वेळ, देव जाणे.
शेवटी दाराच्या फटीशी आवाज:
"कोण, ओटिया का? पाव खाली ठेवू नकोस,
फरशी घाण आहे."

मेकॅनिक येतोय, म्हणाली.
(तो नदीपलीकडे राहायचा, फोन बंद होते,
आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.)
"तोवर हिरव्या अक्रोडांचा मुरंबा सांगते.
नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही."

कोवळे अक्रोड घे, सुई आरपार जाईल असे.
साल काढ. हात काळे होतील, होऊ देत.
पाण्यात घाल. हा पहिला दिवस.
दुसऱ्या दिवशी पाणी शाईसारखं. ओत. नवं घाल.
तिसऱ्या दिवशी तेच.
चौथ्या दिवशी सासूने भांडण काढलं,
पाणी बदलायला संध्याकाळ झाली.
सहाव्याला शेजारच्या वालिकोची कोंबडी बादलीत पडली.
तेराव्याला नुसता पाऊस.
मी अंधारात बोटांवर पाणी बदलत राहिलो.
मधेच ती गप्प झाली की मी, "मावशी?"
"आहे रे. बी अडकली दातात."

एकविसाव्या दिवशी दिवे आले.

मी घरी पळालो.
तिला खाली कोणी नेलं, मला माहीत नाही.
विचारलं नाही.
निबंध त्यानंतर महिन्याने लिहिला,
आणि खुपतं ते हेच: त्यानंतर.

परवा बायकोने बाजारातून हिरवे अक्रोड आणले.
मी म्हणालो, एकवीस दिवस भिजवायचे.
ती हसायला लागली.
"आठवडा खूप झाला. एकवीस दिवसांत सडतील!"

काळे हात घेऊन मी ओट्याशी उभा राहिलो.
आठ ते एकवीस. चौदा दिवस,
जे कुठल्याच मुरंब्यात नसतात.
गार पायरीवर बसून, त्या गुडघ्यांनिशी,
एकेक करून तिने ते घडवले होते.
शिवाय कोंबडी.

सांगायला गेलो. ती आता नव्वदीला टेकलेली,
रेडिओ मोठ्याने लावलेला.
सगळं ऐकून घेतलं. म्हणाली,
"अडकायची रे बरीच पोरं."
मग बऱ्याच वेळाने डोळे बारीक करून,
"तू तो दोरावाला ना?"
आणि हात पुढे केला.

मी तळव्यावर पाच तेत्री ठेवली.
तिने नाणं उलटून पाहिलं,
दोरा आहे का ते.