फुगवटा

एतेरी आली ती लॅपटॉप कडेवर घेऊन,
चार्जरची वायर मागे लोंबत.
कुताइसीच्या बाजारामागची गल्ली, तिथे माझी टपरी.
एका बाजूला गेनो चावीवाला, दुसरीकडे लोणच्यांच्या बरण्या.

"रात्रीपासून बाण हलत नाही," म्हणाली,
"मधोमध थिजलाय. नदीच्या आकड्यावर."

रिओनीच्या पुलापाशी पाणी मोजायची खोली आहे,
तिथे तिची रात्रपाळी, एकोणीस वर्षं.
दर तासाला एक आकडा तिब्लिसीला.
बाण थिजला तरी सहा आकडे तिनं पाठवलेच,
टॅब दाबत, एकेक चौकट ओलांडत,
अंधारात भिंत चाचपत जिना उतरावा तसे.

मी नेहमीचं विचारलं.
बंद करून चालू केलास?
तीनदा.
चुकून कळ दाबली गेली असेल, वरच्या रांगेतली,
पॅड झोपवणारी?
भाच्यानं सगळ्या दाबून पाहिल्या. आता आवाजही गेलाय.
पुसलास?
द्राक्षाच्या दारूनं. थोडी पॅडला, उरलेली मला.

आवाज परत आणला. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला.
माझा माऊस जोडला, तर बाण टुणकन उडाला.
म्हणजे बाण जिवंत; दुखणं पॅडचं.
बोट फिरवलं, कोरडं, मग फुंकर मारून, मग दुसरं बोट.
काही बोलेना.
रुसून फुगून बसलाय, मी थट्टेत म्हणालो,
आणि तेव्हाच दिसला
एक कोपरा, नखाएवढा वर आलेला.

टेबलावर ठेवला तर डुगडुगला.
झाकण मिटेना,
ओठांत सुई धरलेल्या शिंप्यासारखी फट.
"कधीपासून?"
"मार्चपासून असेल. मी वर बरणी ठेवते."

दहा स्क्रू, बशीत, मोजून.
पाठ उघडली.
बॅटरी, जी चपटी असायची,
ती उबेला ठेवलेल्या कणकेसारखी टम्म.
पॅडला खालून तिचाच रेटा.
वर कितीही दाबा,
दाबायला जागाच उरली नव्हती.

"शिवू नकोस. चार्जर कधी काढतेस?"
ती बघत राहिली,
नदी कधी बंद करतेस असं विचारल्यासारखी.

तीन वर्षं. दिवसरात्र.
वीज गेली, आणि नेमकं त्याच तासाला पाणी चढलं तर?
म्हणून भरलेलीच भरत राहिली.

कुठल्या सेंटिमीटरला कुणाच्या तळघरात ओल येते,
ती नावानिशी सांगेल.
नदी फुगायच्या आधी म्हणे वास बदलतो.
पण हे तिच्या मनगटाखाली चढत होतं, रोज, केसभर,
आणि तिनं वर बरणी ठेवली.
मी हसलो नाही. माझ्या दुकानाचं शटरही
दोन वर्षं लाथ मारूनच उघडतं.

प्लास्टिकच्या पट्टीनं, श्वास धरून,
सोडवली एकदाची. मागच्या अंगणात, वाळूच्या बादलीत.
पॅड आपल्या जागी बसला.
टक्.
बाण हलला, आकड्यावरून उतरला,
पडद्याच्या कडेला जाऊन उगाच थांबला.

"नवी बाटुमीहून येईल, गुरुवारपर्यंत.
तोवर नुसत्या वायरवर चालव."
"आणि वीज गेली तर?"
"पूर्वी काय करायचीस?"
"वही होती."
"मग?"
"आहे अजून," म्हणाली. "पेन्सिलला टोक नाही."

गेनोनं चाकूनं टोक काढून दिलं.
पैसे गुरुवारी. माऊस मात्र ती घेऊन गेली, न विचारता.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी
मी दोनदा मागे जाऊन बादलीत पाहिलं.
तेवढीच होती.
तरी दाराच्या मागे खडूनं वेळ लिहिली,
सात वाजून दहा,
आणि पुढे, अंदाजानं, अडीच बोटं.