सहा सेकंदांचा दिवस

आर्नसाइडला, खाडीच्या तोंडाशी,
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
कॅमेरा बसून होता चार महिने,
दर दहा मिनिटांनी एकदा पापणी मिटत.
सतरा हजार दोनशे ऐंशी फोटो.
केंडलच्या औषधाच्या दुकानात तीस वर्षं गोळ्या मोजल्या,
तेव्हा आकड्यात चूक नसावी.

लीड्सहून निहार म्हणाला, "काका, सोपं आहे,
सेकंदाला चोवीस फोटो, की झाला व्हिडिओ."
म्हणजे दिवस सहा सेकंदांचा.
त्यातले चार तर अंधारच,
इथला हिवाळा उजेड देतो तो हात आखडून.

आता सॉफ्टवेअर कुठलं, एवढंच ठरायचं होतं.

पहिलं फुकट.
पण भरतीच्या पाण्यावर आडवं
स्वतःचं नाव कोरून बसलं,
लग्नात दिलेल्या पातेल्यावर कोरतात तसं.

दुसरं महिन्याला अकरा पौंड.
पैसे थकले की माझाच किनारा मला बंद.
म्हटलं, स्वतःच्या खिडकीत भाडेकरू कशाला व्हा?

तिसऱ्याला बटणंच नाहीत.
काळी चौकट, तीत हुकूम टाइप करायचे.
एक टिंब चुकलं
की ते गप्प, रुसलेल्या जावयासारखं.

चौथं मात्र देखणं.
"लुकलुक काढून टाकू?" अदबीने विचारलं.
मी हो म्हणालो.
ढग सायीसारखे सरकले,
पाणी आलं, गेलं, कुठे अडखळ नाही,
रेल्वेचा पूल तर जणू घासूनपुसून पालथा घातलेला.
तीनदा पाहिलं.
चहा निवला.
मग लक्षात आलं,
डोरीन कुठाय?

रोज साडेनऊला, कॅमेऱ्याच्या नेमक्या ठोक्याला,
डोरीन पोस्टलथवेट खिडकीखालून जायची,
लाल अनोरॅक, ताठ मान,
पुढे विल्फ, करडा, काटकुळा, शेपूट पोटाशी.
दिवसाला एक फोटो.
सेकंदाचा चोविसावा भाग.
जे आधीच्या फोटोत नाही, नंतरच्याही नाही,
ते चौथ्याला डाग वाटलं.
अलीकडची-पलीकडची वाळू घेऊन
त्याने तिला लिंपून टाकलं,
भिंतीतलं खिळ्याचं भोक लिंपावं तसं.
कुत्र्यासकट.

आणि हा सगळा खटाटोप तिच्यासाठी.
फेब्रुवारीत तिचा खुबा मोडला.
आता ग्रेंजच्या केअर होममध्ये असते,
खिडकीसमोर कचऱ्याचे तीन डबे आणि एक व्हॅन.
"पाणी येताना बघायचंय," म्हणाली,
बाकी काही मागितलं नाही,
फक्त विल्फचं खाणं कुठल्या कपाटात ते दोनदा सांगितलं.

गेलो मग तिसऱ्याकडेच, मुकाट्याने.
दोन रात्री, चष्मा कपाळावर,
टिंब टिंब पारखत.
लुकलुक राहू दिली.
ढग धडपडतात, उजेड ठेचकाळतो,
काचेवर कधीतरी माझाच कप तरंगून जातो,
आणि दर सहा सेकंदांनी
एक लाल ठिणगी.

अकरा फेब्रुवारीपर्यंत.
मग आठ दिवस नुसती वाळू, अठ्ठेचाळीस सेकंद.
कापावीशी वाटली. नाही कापली.
मग पुन्हा ठिणगी, पण निळी.
कुत्रा तोच.

निळं जाकीट कुणाचं म्हणून
तो फोटो मोठा करून पाहिला,
तर पोक काढून चालणारा एक म्हातारा.
मला वाटत होतं मी कॅमेऱ्यामागेच आहे.

एकूण बारा मिनिटं.
आता ते सेव्ह होतंय,
उरलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं म्हणतं,
मघाशीही तेच म्हणत होतं.
बाहेर भरतीचा पहिला भोंगा झालाय.
विल्फ दाराशी उभा, पट्टा तोंडात,
आणि जाकीट
कुठे टाकलंय ते आठवत नाही.