न फुटलेली

एकहार्टच्या स्वयंपाकघरात एकशे एकोणीस डुकरं आहेत
आणि जेवायला एकच ताट.

निळ्या झिलईवर पांढरे ठिपके, ते ब्युर्गेलचं,
एक कान आखूड.
शेजारचं शेवाळी, पोटाखाली ओल्या मातीत
कुणाचा तरी अंगठा उमटलेला.
एकहार्ट त्यावर आपला अंगठा ठेवून बघतो.
बसत नाही.
कुंभारीण असावी.

आपोल्डाच्या जुन्या बाजारात तो उजाडायच्या आधी पोचतो,
हातात बॅटरी, खिशात सुटे.
भाव विचारत नाही.
डुक्कर उचलतो, कलिंगड वाजवून घ्यावं
तसं टिचकी मारतो,
मग कानाशी नेऊन हलवतो.

कैसरच्या काळातलं तांबं खणकतं.
पण इकडे चाळीस वर्षं जे चाललं
ते अॅल्युमिनियम,
फुंकरीनं टेबलावरून घरंगळणारं.
वाळक्या शेंगेत बिया हलाव्यात
एवढाच त्याचा आवाज.

म्यूलिगबाईंकडचं तसंच वाजलं.
गुलाबी, मुस्कटाचा टवका उडालेला,
पाठीवर चीर, खाली बूच नाही.
"भावाचं. मोपेडसाठी साठवायचा.
एकोणनव्वदच्या ऑगस्टात हंगेरीला गेला, तंबू घेऊन,
तो तिकडूनच पलीकडे.
पुढे पैसे बदलून द्यायला लागले,
आई रांगेत उभी राहिली, सगळं घेऊन,
हे सोडून.
म्हणाली, ज्याचं त्यानं फोडावं."

"मग आला का तो?"

"आला की. मोठी गाडी घेऊन.
हे दाखवलं तर म्हणाला,
हे कुणाचं?"

बाईंनी बारा युरो सांगितले.
एकहार्टनं घासाघीस केली नाही,
वर्तमानपत्रात गुंडाळून
मांडीवर घेऊन बसमध्ये बसला.
खड्डा आला की आतून शेंग वाजायची
आणि समोरची मुलगी कानातली वायर काढून बघायची.

एकशे विसावं.

त्याचं स्वतःचं त्यांत नाही.
ते त्यानं नवव्या वर्षी फोडलं,
संत्री आलीत अशी गल्लीत हाकाटी झाली तेव्हा,
अंगणातल्या फरशीवर, एका घावात.
नाणी मुठीत धरून धावला.
पुढे सात माणसं असताना
दुकानाची फळी पडली.

खापऱ्या आईनं वेचल्या,
जिरॅनियमच्या कुंडीत तळाशी घातल्या,
पाण्याचा निचरा व्हावा म्हणून.

त्या वर्षी फुलं बरी आली.