अंगठ्यावर नजर

फोंड्याच्या दवाखान्यात लवीना सांगते,
अंगठ्यावर नजर ठेवा, मान हलवा.
डावीकडे. उजवीकडे.
नखात अजून सोडणाची धूळ.

चाळीस वर्षं माड चढलो.
वाऱ्यात शेंडा झुलायचा, मी नाही.
आता फरशीच्या एका रेघेवर
टाच-बोट, टाच-बोट,
चौथ्या पावलाला भिंत धरतो.

"कानातले खडे सरकलेत, सोयरूबाब."
एवढ्याशा खड्यांनी
अख्खं माशेल गरगर फिरवलं?

आज स्पंजवर उभा राहिलो,
एका पायावर, डोळे मिटून.
ती आकडे मोजत होती,
माझा तळवा खोडावरच्या खाचा.
अकराव्या खाचेवरून नेहमी दिसायची
पेर्पेतच्या परसात, दोरीवर,
वाळत घातलेली निळी चादर.

दिसली.

बाराला उगाच डोळे उघडले.