नावं ठेवणं

एक ठेवलं तर नाव ठेवणं,
दोन ठेवली तर नावं ठेवणं.
मराठीनं आधीच बजावून ठेवलंय.
आम्ही तरी चाळीस दिवस
दोन्ही नावांना नावं ठेवत बसलो
हल नावाच्या गावात,
जिथे काहीच हलत नव्हतं.

दवाखान्याची पत्रं येत होती 'बेबी ठोसर' यांना.
बेबी ठोसर यांनी वजनासाठी मंगळवारी यावे.
बेबी ठोसर ढेकर देत आणि झोपत.

ज्ञानदीपचं म्हणणं, इरा.
दोन अक्षरं, कुठल्याही दारातून
खांदा न घासता आत जाणारी.
त्याला गोदीवरच्या मुकादमानं पहिल्याच आठवड्यात
डीन करून टाकलं. अकरा वर्षं
तो त्या नावाला ओ देतोय,
डब्यावरसुद्धा डीन लिहितो.
"माझा ज्ञ कुठे गेला सांग," म्हणाला,
"हंबर नदीत बघून ये, जा."

माझं म्हणणं, मंजुळा.
कुणाची आजी नव्हे, देवीबिवी नव्हे.
अकोल्यात वसतिगृहाची मेस चालवणारी बाई.
उधारीच्या वहीत माझं पान कोरं ठेवणारी,
फार्मसीच्या शेवटच्या पेपराआधी रात्री दोनला
खिडकीच्या गजांतून चहाची बशी सरकवणारी.
पेला जात नव्हता, म्हणून बशी.

तिचं नाव इथे आणायचं
तर ळ वाटेतच काढून घेतात.
शेजारच्या डॉरीननं खूप प्रयत्न केला,
चष्मा काढून, जीभ टाळूला लावून:
मंजूला. मंजूरा. मंजुल्डा.
मग म्हणाली, "थांब, दात बसवून येते."

बारसं कपड्यांच्या टोपलीत झालं.
आत्या वाशिमहून फोनवर, फोन बाळाच्या कानाशी.
कुर्रर्र आलं, अगदी स्पष्ट आलं,
आणि नाव यायच्या वेळी चित्र गोठलं,
आत्याच्या तोंडाचा चंबू तसाच, साडेतीन मिनिटं.
परत आली तेव्हा पेढा खात होती.
"सांगितलं की मी तिला."
काय सांगितलंत?
"कानातलं असं चारचौघांत विचारतात का?"
म्हणजे आता घरात नाव माहीत असलेली
एकच व्यक्ती होती,
आणि तिला फक्त दूध हवं होतं.

मुदत बेचाळीस दिवसांची.
एकेचाळिसाव्या दिवशी, साईच्या रंगाच्या
टेलिफोनच्या खोक्यांवरून
बाबागाडी ढकलत गेलो. वारा आडवा.
नोंदणीच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.
ज्ञानदीप माझ्याकडे बघत होता,
मी त्याच्या कोटावरच्या बिल्ल्याकडे: डीन टी.
मीच म्हणाले, इरा.
त्यांनी स्पेलिंगसुद्धा विचारलं नाही.
लिहून झालं.
मला वाटलं होतं, थोडा तरी वेळ लागेल.

परत आलो तर दाराच्या कडीला पिशवी,
आत डॉरीननं विणलेली टोपी,
पिवळी, पुढे लाल लोकरीत इंग्रजी एम.
कुणाला न विचारता तिनं ठरवून टाकलं होतं.
कळल्यावर ओशाळली, उसवून देते म्हणाली.
राहू दे म्हटलं,
डोकं वाढेपर्यंत चालेल.

काल रात्री दोनला मी जागी होते, उठले नाही.
खाली स्वयंपाकघरात बाटली हातावर थेंब थेंब बघत
डीन, म्हणजे ज्ञानदीप,
ज्यानं महिनाभर त्या नावाला नावं ठेवली,
दबक्या आवाजात बोलत होता,
एकेक ळ नीट धरून:
"थांब गं मंजुळे, पोळेल."

बशीत ओतलं तर लवकर निवेल,
असं ओठांवर आलं होतं.
हाक मारली नाही.